पाइपाची शेवाळी पडलेली एबोनाइटची स्टेम: काय काढायचे आणि काय राखायचे

आपल्या प्रश्नाचा सारांश असा की, आजोबांचा इंग्लंडमध्ये बनलेला ब्रायर लाकडाचा पाइप आपल्याला घरातल्या काचेच्या कपाटात सापडला. लाकूड उत्तम अवस्थेत आहे. परंतु एके काळी काळी कुळकुळीत असलेली दांडी, जिला पाइप ओढणारे सगळे स्टेम म्हणतात, ती वरच्या बाजूने शेवाळी-तपकिरी झाली आहे, बोटांना खरखरीत लागते, ओठांना कडवट लागते, टोकाशी दातांच्या खुणा आहेत आणि बाजूवरचा पांढरा शिक्का जवळजवळ दिसेनासा झाला आहे. एका परिचिताने ती रात्रभर ब्लीचमध्ये बुडवून ठेवायला सांगितले, दुसऱ्याने लिंबू आणि मीठ लावून घासायला सांगितले, आणि यांपैकी काय करावे असे आपण विचारले आहे. दोन्ही करू नयेत. तसे का, आणि त्याऐवजी काय करावे, हे मी सविस्तर लिहितो, कारण या कामात कृतीपेक्षा तिच्यामागचे कारण समजणे अधिक उपयोगी पडते. कारण समजले की प्रत्येक टप्प्यावर कुठे थांबायचे ते आपोआप कळते.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. स्टेमवर दिसणारा तो हिरवट थर म्हणजे बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. तो स्टेमचाच वरचा भाग आहे, फक्त त्याचे रासायनिक रूप बदलले आहे. त्यामुळे तो ‘धुऊन’ निघत नाही. तो मऊ करून, घासून, म्हणजेच स्टेमचा अगदी पातळ पापुद्रा कमी करूनच काढावा लागतो. यातून दोन नियम निघतात आणि ते एकमेकांना ताणून धरतात: बदललेला थर पूर्ण निघाला पाहिजे, आणि त्याखालचे निरोगी एबोनाइट, म्हणजे स्टेमचे कडक रबर, शक्य तितके कमी झिजले पाहिजे. बाजारातून चकचकीत करून आणलेल्या जुन्या पाइपांपैकी बहुतेकांत पहिला नियम मोडलेला असतो, म्हणजे अर्धवट राहिलेल्या थरावरच पॉलिश चढवलेले असते आणि काही आठवड्यांत तपकिरी छटा परत डोके वर काढते. उरलेल्यांत दुसरा नियम मोडलेला असतो, म्हणजे कडा गोल झालेल्या, शिक्का गेलेला आणि लाकडाशी असलेला सांधा बिघडलेला असतो.

आता हा थर तयार कसा होतो ते पाहू. जुन्या ब्रायर पाइपांच्या काळ्या स्टेम बहुतांशी एबोनाइटच्या असतात. यालाच व्हल्कनाइट किंवा कडक रबर असेही म्हणतात. नैसर्गिक रबरात गंधक मिसळून उष्णता दिली की ते टिकाऊ होते, ही प्रक्रिया इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक आणि अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी एकाच सुमारास पेटंटबद्ध केली. गुडइयर यांचे अमेरिकी पेटंट १८४४ सालचे आहे. त्यांचे बंधू नेल्सन गुडइयर यांनी १८५१ मध्ये कडक रबराचे पेटंट घेतले. नेहमीच्या लवचिक रबरात गंधकाचे प्रमाण रबराच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते, तर एबोनाइटमध्ये ते साधारण ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. त्या भरपूर गंधकामुळेच हा पदार्थ कानशीने घडवता येण्याइतका कडक, दातांना लाकूड किंवा धातूपेक्षा सौम्य आणि आरशासारखी झळाळी घेणारा होतो. आणि त्याच गंधकामुळे तो पुढे बिघडतो. प्रकाश, विशेषतः त्यातले अतिनील किरण, पृष्ठभागावरचे रबर-गंधकाचे बंध तोडतात, मोकळ्या झालेल्या गंधकाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, आणि त्यात ओलावा मिळाला की पृष्ठभागावर सौम्य प्रमाणात गंधकाम्ल तयार होते. आपल्याला जाणवणारी कडवट-आंबट चव याच प्रक्रियेतून येते. विजेच्या उपकरणांत एके काळी एबोनाइट विद्युतरोधक म्हणून सर्रास वापरले जाई, आणि उजेडात राहिलेल्या एबोनाइटच्या पृष्ठभागाची रोधकता घटते हे त्या क्षेत्रातल्या लोकांच्याही लक्षात आले होते. त्याचे कारणही हेच आम्ल आणि त्याने ओढून घेतलेला ओलावा.

म्हणून आपल्या पाइपाची स्टेम वरच्या बाजूने अधिक बिघडलेली आहे, यात नवल नाही. काचेच्या कपाटात जी बाजू उजेडाकडे होती तीच हिरवी पडली. कोकणपट्टीतल्या किंवा मुंबईतल्या घरात चार महिन्यांच्या पावसाळी दमट हवेने त्यात भर घातली असणार. ज्यांच्याकडे एबोनाइटची शाईची पेने आहेत त्यांना हा रंग ओळखीचा असेल, कारण पदार्थ तोच आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांसारखी हाताने कातलेली भारतीय पेनेसुद्धा उन्हात ठेवली तर अशीच तपकिरी होतात. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांच्या तोंडात धरायच्या भागांचेही तेच. पुढे लिहिलेले बरेचसे त्या वस्तूंनाही लागू पडते.

काम सुरू करण्यापूर्वी स्टेम खरोखर एबोनाइटची आहे ना, याची खात्री करून घ्यावी. हिरवट-तपकिरी रंग हाच मोठा पुरावा आहे, कारण अ‍ॅक्रिलिकच्या स्टेमवर ओरखडे पडतात, आतून डांबरी डाग दिसतात, पण ती अशी रंग बदलत नाही. तरीही शंका असल्यास कोरड्या सुती कापडाने एक जागा जोराने चोळून लगेच वास घ्यावा. एबोनाइटला गंधकाचा वास हमखास येतो. स्टेम शिंगाची किंवा अंबरची असेल तर पुढचे काहीही करू नये. शिंग पाण्यात फुगते आणि त्याचे पापुद्रे सुटतात, अंबर तडकते. लाल-काळ्या किंवा तपकिरी रेघांची, लाकडासारखी दिसणारी जी स्टेम असते, जिला कंबरलँड म्हणतात, ती मात्र एबोनाइटचीच असते आणि तिला हीच पद्धत चालते.

पहिली कृती म्हणजे स्टेम लाकडापासून वेगळी करणे. पुष्कळ वर्षे पडून राहिलेल्या पाइपात स्टेमची खुंटी, म्हणजे लाकडात शिरणारे तिचे बारीक टोक, लाकडी मानेत, म्हणजे लाकडाच्या नळीसारख्या भागात, वाळलेल्या डांबराने घट्ट चिकटलेली असते, आणि अशा वेळी जोर लावणे हा पाइप मोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. मान मुठीत सांध्याच्या अगदी जवळ धरावी, बाऊल, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, धरू नये, आणि स्टेम एकाच दिशेने हळूहळू पिळत बाहेर घ्यावी. हलत नसेल तर पाइप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावा. थंडीने एबोनाइट लाकडापेक्षा अधिक आकसते आणि खुंटी बहुधा सैल होते. तेवढ्याने न झाल्यास थोडे अल्कोहोल पाइप क्लीनरवर, म्हणजे नळी साफ करायच्या केसाळ लवचिक काडीवर, घेऊन धुराच्या नळीतून सांध्यापर्यंत पोहोचवावे, एक दिवस थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. मान गरम करून स्टेम काढण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये, कारण तापलेल्या एबोनाइटची खुंटी पिळताना वाकते किंवा तुटते, आणि तुटलेली खुंटी बदलणे हे घरी होण्यासारखे काम नाही.

नळीची आतली सफाई बाहेरच्या कामाआधी करावी, म्हणजे बाहेर झळाळी आल्यावर तिच्यावर काळे ओघळ येत नाहीत. औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाइप क्लीनर एवढे पुरेसे आहे. क्लीनर अल्कोहोलमध्ये भिजवून आत फिरवावा, काळा झाला की टाकावा, नवा घ्यावा, आणि तो पांढरा बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवावे. जुन्या पाइपाला ढीगभर क्लीनर लागतात, त्याने खचू नये. टोकाच्या चपट्या फटीत साठलेली घाण लाकडी टूथपिकने काढावी, सुईने नव्हे. हे अल्कोहोल लाकडावर सांडू देऊ नये, कारण अनेक जुन्या पाइपांवर लाखेचे पॉलिश आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारा रंग असतो. अ‍ॅक्रिलिकच्या स्टेममध्ये तर अल्कोहोल घालूच नये. त्याने बारीक तडे जातात, तिथे साबणाचे पाणी वापरावे. आतून निघणाऱ्या डांबरात निकोटिन असते, म्हणून हातमोजे घालावेत आणि वापरलेले क्लीनर मुलांच्या हाती लागणार नाहीत असे टाकावेत.

आता ब्लीचचा प्रश्न. ब्लीच बदललेला थर झपाट्याने उतरवते, म्हणूनच तो सल्ला इतका पसरला आहे. परंतु ते तिथेच थांबत नाही. सोडियम हायपोक्लोराइट खालच्या चांगल्या एबोनाइटवरही चालून जाते, पृष्ठभाग निस्तेज आणि बारीक खड्ड्यांचा होतो, आणि ते खड्डे बुजवण्यासाठी मग इतके घासावे लागते की वाचवलेल्या श्रमापेक्षा गमावलेला पदार्थ अधिक ठरतो. खुंटीवर धातूची नळी किंवा सांध्यावर चांदीची पट्टी असेल तर तीही बिघडते. लिंबू आणि मीठ तांब्या-पितळेच्या भांड्यांना लखलखीत करते, कारण तिथे आम्ल धातूवरचा ऑक्साइड विरघळवते. एबोनाइटवर असा विरघळणारा ऑक्साइड नसतो. जो पृष्ठभाग आधीच आम्लयुक्त आहे त्यावर आणखी आम्ल लावून काही साधत नाही.

त्याऐवजी मी सोडियम परकार्बोनेट वापरतो. कपड्यांचे डाग काढण्याच्या ऑक्सिजनयुक्त पावडरींत हाच मुख्य घटक असतो, पण त्या पावडरींत सुगंध, रंग आणि साबण मिसळलेले असतात, म्हणून रसायनांच्या दुकानातून शुद्ध परकार्बोनेट आणणे बरे. पेलाभर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा पावडर विरघळवावी आणि स्टेम त्यात पूर्ण बुडेल अशी ठेवावी. अर्धवट बुडाली तर पाण्याच्या पातळीवर रेघ उमटते. पाणी हाताला सुखद वाटेल इतकेच कोमट असावे. गरम पाण्याने एबोनाइटचा रंग आणखी उतरतो, आणि फार गरम झाले तर वाकवलेली स्टेम सरळ होऊ लागते. हे द्रावण अल्कधर्मी असते, म्हणजे पृष्ठभागावरचे आम्लही त्यात निष्प्रभ होते. मात्र त्याच अल्कधर्मामुळे अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून खुंटीत अ‍ॅल्युमिनियमची नळी किंवा फिल्टर असल्यास तो आधी काढून ठेवावा, आणि निघत नसेल तर हा टप्पा सोडून थेट घासण्याकडे वळावे. शिक्क्यावर बुडवण्यापूर्वी व्हॅसलीनचा ठिपका लावावा. दोन ते चार तास पुरतात. बाहेर काढल्यावर स्टेम पूर्वीपेक्षा अधिक वाईट, राखाडी-तपकिरी आणि गिळगिळीत दिसेल. घाबरू नये, बदललेला थर मऊ होऊन वर आला आहे, हेच आपल्याला हवे होते.

हा मऊ थर वाळण्याआधी घासावा. पांढरा मेलामाइन स्पंज ओला करून स्टेमच्या लांबीच्या दिशेने मध्यम दाबाने फिरवावा. स्पंज पिवळट-तपकिरी होईल, गंधकाचा वास येईल. स्पंजची जागा बदलत राहावी आणि पाण्याखाली धुऊन पुन्हा घासावे. बटणाच्या, म्हणजे दातांमागे अडकण्यासाठी टोकाला ठेवलेल्या उंचवट्याच्या, कोपऱ्यात स्पंज पोहोचत नाही, तिथे स्पंजची पातळ चकती कापून दोऱ्यासारखी ओढावी. स्टेमची अवस्था फार वाईट नसेल तर बहुतेक काम इथेच होते आणि पुढे वॉटर पेपरची, म्हणजे ओला वापरता येणाऱ्या पॉलिश पेपरची, गरज अगदी थोडी पडते. म्हणून या टप्प्यावर घाई करू नये. मी तर एकदा भिजवून, घासून, पुन्हा भिजवून, पुन्हा घासणे पसंत करतो, कारण स्पंजने जितका थर निघेल तितका पेपरने काढावा लागत नाही.

यानंतर स्टेम पुसून पूर्ण कोरडी करावी, तासभर तशीच ठेवावी आणि मगच दिव्याखाली तिरप्या उजेडात पाहावी. हे मी आग्रहाने सांगतो, कारण सगळी फसगत इथे होते. ओली स्टेम नेहमी काळी दिसते. तेल लावलेली स्टेमही काळी दिसते. राहिलेला थर फक्त कोरड्या पृष्ठभागावर, काळ्यावर तरंगणाऱ्या तपकिरी धुक्यासारखा दिसतो, आणि तो बटणाच्या खाचेत, सांध्याजवळच्या कडेला आणि शिक्क्याभोवती सर्वांत शेवटपर्यंत टिकून राहतो. पुढच्या प्रत्येक टप्प्यानंतरही परीक्षा कोरड्या पृष्ठभागावरच घ्यावी.

जिथे थर उरला असेल तिथे वॉटर पेपर वापरावा, आणि तो नेहमी ओला. कोरडे घासल्यास रबर आणि गंधकाची बारीक धूळ नाकात जाते, पेपर लगेच भरतो आणि उष्णता निर्माण होते. हार्डवेअरच्या दुकानातून ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे पेपर आणावेत. सुरुवात कुठून करायची हे स्टेम ठरवते, आपली घाई नव्हे: स्पंजने चांगले काम झाले असेल तर ८०० पासून, पृष्ठभाग खरखरीत असेल तर ६०० पासून, आणि खोल खड्डे असतील तरच ४०० पासून. त्याहून खरखरीत पेपर मी सपाट भागावर कधी लावत नाही. पेपरचा छोटा तुकडा साबणाच्या पाण्यात भिजवून बोटाऐवजी खोडरबराच्या पातळ पट्टीवर गुंडाळावा, कारण बोटाचा दाब मध्यभागी अधिक पडतो आणि सपाट जागेवर लाटा उमटतात. एका नंबरने लांबीच्या दिशेने घासावे, पुढच्या नंबरने आडवे. आधीचे ओरखडे पूर्ण मिटल्याशिवाय पुढे जाऊ नये. ६०० चा एखादा ओरखडा राहिला तर तो २००० च्या पेपरने जात नाही, फक्त चमकू लागतो, आणि मग शेवटच्या झळाळीत तो सर्वांत आधी नजरेत भरतो. घाण झालेला पेपर पुढच्या टप्प्यात नेऊ नये. प्रत्येक नंबरनंतर स्टेम आणि हात धुवावेत.

दोन जागा अशा आहेत की त्यांना पेपर लावूच नये किंवा अत्यंत जपून लावावा. पहिली म्हणजे खुंटी. खुंटीवर थर क्वचितच चढतो, कारण ती लाकडाच्या आत उजेडापासून दूर असते. तिच्यावरचे डांबर अल्कोहोलने पुसावे आणि थांबावे. ती थोडीशी जरी झिजली तरी स्टेम सैल बसते. दुसरी जागा म्हणजे सांध्याची कड, जिथे स्टेमचा काठ लाकडाच्या काठाला भिडतो. चांगल्या पाइपात हा सांधा नख फिरवले तरी जाणवत नाही, कारण कारखान्यात स्टेम आणि मान एकत्र बसवून घासलेली असतात. स्टेम एकटी घासली की तिचा काठ गोल होतो आणि मग कितीही चमक आणली तरी पाइप विद्रूप दिसतो. यासाठी पातळ प्लास्टिकची, खुंटीच्या मापाचे भोक पाडलेली आणि मानेपेक्षा मोठी अशी चकती स्टेम आणि लाकूड यांच्यामध्ये बसवावी, लाकडावर मास्किंग टेप गुंडाळावा आणि स्टेम पाइपाला जोडलेल्या स्थितीतच काठापर्यंत घासावी. चकती कड राखते, टेप लाकूड राखते. जुन्या हिशेबाच्या फाइलचे प्लास्टिकचे आवरण कापून अशी चकती सहज होते.

दातांच्या खुणांचे काम थर पूर्ण काढल्यानंतरच हाती घ्यावे, कारण बिघडलेल्या पृष्ठभागावर कोणतेही भरण धरत नाही. एबोनाइटचा एक गुण इथे उपयोगी पडतो: तापवले की ते आपल्या मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते. दाताने दाबला गेलेला खड्डा म्हणजे काढून टाकलेला पदार्थ नव्हे, तो दबलेला पदार्थ आहे, म्हणून सौम्य उष्णतेने तो बराचसा वर येतो. नळीत पाइप क्लीनर घालून ठेवावा, म्हणजे मऊ झालेली नळी आत बसत नाही, आणि टोकाकडचा भाग हेअर ड्रायरच्या किंवा हॉट एअर गनच्या हवेत सतत हलवत तापवावा. लायटरच्या ज्योतीवरून झरझर फिरवणारे अनेक जण आहेत आणि सराव असेल तर ते जमते, पण ज्योत एका जागी क्षणभर अधिक थांबली तर पृष्ठभाग जळून फुगतो, म्हणून प्रथमच करणाऱ्याने गरम हवाच वापरावी. वाकडी स्टेम असेल तर वाकाचा भाग उष्णतेपासून दूर ठेवावा, नाही तर तोही सरळ होऊ लागेल. खड्डा वर येऊन थांबला की स्टेम थंड पाण्यात धरावी.

उष्णतेने न उठलेले, दाताने खरोखर कातरलेले खड्डे भरावे लागतात. त्यासाठी काळा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद मिळतो. न मिळाल्यास साध्या सुपर ग्लूमध्ये बारीक चाळलेली सक्रिय कोळशाची पूड मिसळून काम भागते. खड्डा अल्कोहोलने पुसून वाळवावा, गोंदाचा थर पृष्ठभागापेक्षा किंचित उंच राहील इतका भरावा आणि रात्रभर सुकू द्यावा. लवकर सुकवणारा फवारा मारल्यास आत बुडबुडे राहतात आणि घासल्यावर पांढरे ठिपके दिसतात. सुकल्यावर बारीक सपाट कानशीने तो आजूबाजूच्या पातळीला आणावा, बटणाची कड कानशीनेच पुन्हा ठळक करावी आणि मग वरच्या क्रमाने वॉटर पेपर लावावा. बटणाच्या बाबतीत डब्लिनच्या पीटर्सन कंपनीच्या पाइपांची एक अडचण ध्यानात ठेवावी: त्यांच्या १८९८ साली पेटंट घेतलेल्या रचनेत धुराचे भोक टोकावर नसून बटणाच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे तिथला आकार नेहमीच्या स्टेमप्रमाणे सपाट करून चालत नाही. आपल्या पाइपाचे टोक तसे असेल तर त्या भागाला फक्त स्पंज आणि बारीक पेपर लावावा.

शिक्क्याविषयी आपण विशेष काळजीने विचारले आहे, आणि ती काळजी योग्य आहे, कारण पाइपाची ओळख आणि आजोबांच्या वस्तूचा अस्सलपणा त्या लहानशा खुणेत असतो. शिक्का ठशाने दाबलेला असेल तर त्याची खोली कागदाच्या जाडीइतकीच असते आणि ४०० चा पेपर दोन-चार वेळा फिरला तरी तो जातो. म्हणून शिक्क्याभोवती कापसाच्या काडीवर अल्कोहोल आणि नंतर मेलामाइनचा टोकदार तुकडा एवढेच वापरावे. तिथे किंचित तपकिरी छटा राहिली तरी राहू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खाचेतला पांढरा रंग उडाला असेल तर सगळे घासकाम झाल्यावर बारीक कुंचल्याने पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग भरावा, थोडा सुकू द्यावा आणि वर राहिलेला रंग सपाट धरलेल्या किंचित ओल्या कापडाने पुसून घ्यावा. खाचेतला रंग तसाच राहतो. खाच पूर्ण झिजली असेल तर ती नव्याने कोरू नये. शिक्का दाबलेला नसून आत बसवलेला पांढरा ठिपका असेल तर रंगाचा प्रश्नच येत नाही, तो स्टेमबरोबर घासला आणि चमकवला जातो.

२००० च्या पेपरनंतर स्टेम मऊ, काळसर आणि निस्तेज दिसते. पुढची झळाळी हाताने आणायची असेल तर मायक्रो-मेश या नावाचे अतिबारीक घासणीचे नऊ पॅड मिळतात, १५०० पासून १२००० पर्यंत. त्यांचे आकडे साध्या पेपरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. मायक्रो-मेशचा १५०० हा साध्या १५०० च्या वॉटर पेपरपेक्षा बराच खरखरीत असतो, म्हणून आपला शेवटचा पेपर २००० चा असला तरी पॅडची सुरुवात पहिल्या दोन-तीन नंबरांतून एकदा करून पाहावी लागते आणि ओरखड्यांवरून निर्णय घ्यावा लागतो. पहिले तीन पॅड पाण्याने आणि उरलेले कोरडे वापरावेत. अशी आलेली झळाळी यंत्राच्या झळाळीपेक्षा थोडी शांत असते आणि मला जुन्या पाइपावर तीच शोभते असे वाटते.

बफिंगच्या यंत्राने काम लवकर होते, पण ज्याला सवय नाही त्याने आजोबांच्या पाइपावर शिकू नये. वेगाने फिरणारे चाक स्टेम हातातून हिसकावून जमिनीवर आपटते, आणि घर्षणाच्या उष्णतेने एबोनाइट डागाळते. वापरायचेच असेल तर १४४० फेऱ्यांची मोटर पुरे, २८०० फेऱ्यांची नको. चाक सुती आणि सैल शिवलेले असावे, स्टेम चाकाच्या मध्याच्या खाली धरावी आणि एका जागी थांबवू नये. ट्रिपोली आणि पांढरे कंपाउंड ही चाकावर लावायची पॉलिशची द्रव्ये, आणि कार्नोबा मेण, यांसाठी स्वतंत्र चाके ठेवावीत. सराफ बाजारातल्या पॉलिशवाल्याकडे स्टेम देण्याचा मोह अनेकांना होतो. ते कारागीर आपल्या कामात निष्णात असतात, पण त्यांची चाके धातूसाठी असतात, त्यांत धातूचे कण रुतलेले असतात, आणि त्या वेगात स्टेमचा शिक्का आणि कडा क्षणात जातात.

शेवटचा थर संरक्षणाचा. कार्नोबा मेण हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते, ते ८० अंश सेल्सियसच्या वर वितळते, म्हणजे तोंडाच्या उष्णतेने ते पाझरत नाही, आणि ओठांना ते निरुपद्रवी आहे. परंतु इतके कडक मेण हाताने पसरत नाही, त्याला चाकाची उष्णता लागते. हाताने काम करणाऱ्याने औषधांच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब चोळून, तासाभराने कोरड्या कापडाने पूर्ण पुसून काढावेत. स्वयंपाकघरातले करडई किंवा जवस यांचे तेल लावू नये, ते हवेत घट्ट आणि चिकट होते. पाइप कधीच ओढायचा नसेल, केवळ आठवण म्हणून जपायचा असेल, तर ब्रिटिश म्युझियममधल्या संशोधनातून पुढे आलेले रेनेसाँ वॅक्स हे सूक्ष्मस्फटिकी मेण स्टेम आणि लाकूड दोन्हींवर पातळ लावता येते. तोंडात धरायच्या स्टेमवर मी ते लावत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: तेल किंवा मेण हवा आणि ओलावा काही काळ दूर ठेवते, उजेडाला रोखत नाही. म्हणून पाइप पुन्हा त्या काचेच्या कपाटात जाऊ नये. सुती कापडाच्या पिशवीत घालून, बंद खणात किंवा झाकणाच्या लाकडी पेटीत तो ठेवावा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी, पण ती लाकडाला टेकू देऊ नये. एबोनाइटमधून सुटणारे गंधक चांदी काळी करते, तेव्हा आजोबांची चांदीची तपकिरीची डबी किंवा पदके त्याच पेटीत ठेवू नयेत. पाइप ओढला जाणार असेल तर प्रत्येक वेळी पूर्ण थंड झाल्यावरच स्टेम वेगळी करावी, आतून क्लीनर फिरवावा आणि बाहेरून कोरड्या कापडाने लाळ पुसावी. अशी निगा राखलेल्या स्टेमला पुन्हा वॉटर पेपर लावावा लागत नाही. वर्षातून एखाद्या वेळी मायक्रो-मेशचे शेवटचे दोन पॅड आणि पॅराफिनचा एक थेंब पुरतो.